शोधकाची सनद



एडिसनचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा श्रोता आपणांपैकीं सांपडणें कठीण. मराठी शाळेंतला मुलगाही तें चटकन् सांगतो. परंतु ज्यांचा उल्लेख एके काळीं 'हिंदुस्थानचे एडिसन' असा होत असे, त्या शंकर आबाजी भिसे यांचें नांव त्यांच्याच मुंबईंतील एखाद्या सुशिक्षित घरीं घेतलें, तर "हे कोण?" असा प्रश्न बहुधा ऐकूं येईल. हा विसर कां पडला, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हें आणि वकीलही नव्हें. जामनेरसारख्या तालुक्याच्या गांवीं मुलांना इतिहास आणि भूगोल शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. तीं पुस्तकें शिकवितांना एक गोष्ट मला नेहमीं खटके. त्यांत शोधांच्या सनावळी असतात. अमक्या सालीं वाफेचें यंत्र, तमक्या सालीं तारायंत्र. पण शोध लागला तो दिवस आणि ती वस्तु बाजारांत विकली जाऊं लागली तो दिवस, यांच्यामध्यें जो काळ जातो, त्यांत काय काय घडतें, किती घरें कर्जांत बुडतात, किती दावे चालतात, याविषयीं हीं पुस्तकें मौन धरतात. भिसे यांचें सारें कर्तृत्व त्या मधल्या काळांत सांपडलें आहे. म्हणून तें सनावळींत बसत नाहीं.

प्रथम पेटंट म्हणजे काय, हें स्पष्ट केलें पाहिजे, कारण त्याविषयीं मोठा गैरसमज आहे. पुष्कळांस वाटतें कीं, पेटंट मिळालें म्हणजे सरकारनें शोधकास बक्षीस दिलें, किंवा निदान 'ही वस्तु उत्तम आहे' असा शिक्का तरी मारला. दोन्ही समजुती खोट्या. पेटंट हा एक सौदा आहे. शोधकानें आपली युक्ति, दुसऱ्या एखाद्या कुशल कारागिरास ती करतां यावी इतक्या तपशिलानें, कागदावर उघड करावयाची. आणि त्याच्या मोबदल्यांत ठराविक वर्षेंपर्यंत इतरांस ती वस्तु करण्याची व विकण्याची मनाई करण्याचा अधिकार सरकारनें त्यास द्यावयाचा. मुदत सरली कीं युक्ति सर्वांची झाली. म्हणजे ही सनद उत्पन्नाची नव्हे, अडविण्याची आहे. आमच्याकडील शेतकऱ्यास मी हें असें सांगतों, कीं पेटंट हा सातबाऱ्याचा उतारा समजावा. जमीन आपली आहे एवढेंच तो सांगतो; त्यावर कपाशी उगवत नाहीं. आणि कोणी आपल्या शेतांत गुरें घातलीं, तर हांकलावयास काठी घेऊन आपणांसच जावें लागतें. उतारा कांहीं आपण होऊन उठून जात नाहीं.

आपल्या देशांत असा कायदा प्रथम १८५६ सालीं झाला. त्याचा लाभ घेणारा पहिला गृहस्थ म्हणजे कलकत्त्याचा एक इंजिनियर, जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग. त्याचा अर्ज ३ मार्च १८५६ चा आहे, आणि शोध कशाचा, तर पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दोरीनें ओढणारा मनुष्य भर दुपारीं डुलक्या घेई, ही त्या काळीं कलकत्त्यांत केवढी मोठी अडचण असली पाहिजे, हें यावरून दिसतें. शोध हा गरजेच्या पोटीं जन्मतो हें खरें. पण कोणाच्या गरजेच्या, हेंही पाहावें लागतें. तो कायदा राणी सरकारची आगाऊ संमति न घेतां केला म्हणून दुसऱ्याच वर्षीं रद्द झाला आणि १८५९ सालीं पुन्हां नव्यानें करण्यांत आला. त्यांत शोधकास चौदा वर्षांचा अधिकार होता. पुढें १८८८ आणि १९११ सालीं नवे कायदे झाले. परंतु सनदा घेणारे बहुतेक विलायतेचे कारखानदार असत. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं १९५९ सालीं जो अहवाल दिला, त्यांतही या देशांतील पेटंटांपैकीं फार मोठा हिस्सा परकीयांच्या हातीं असल्याचें दाखविलेलें आहे.

आतां सनद हातीं असूनही काय होऊं शकतें, याचें एक उदाहरण कापसाच्या धंद्यांतलें घेऊं. खानदेशांत बसून बोलणाऱ्यास कापूस टाळून चालत नाहीं. सरकीपासून रुई वेगळी करण्याचें दांत्यांचें यंत्र अमेरिकेंत एली व्हिटनी या तरुणानें तयार केलें आणि १४ मार्च १७९४ रोजीं त्याचें पेटंट घेतलें. यंत्र इतकें सोपें होतें, कीं एकदां पाहिलेला सुतार तें घरीं बनवूं शके. त्यांतच त्याचा घात झाला. व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर यांनीं यंत्रें विकण्याऐवजीं स्वतःच कापूस पिंजून द्यावयाचा आणि मोबदला म्हणून त्यांतला दोन-पंचमांश ठेवून घ्यावयाचा, असा बेत केला. इतकी जबर मजुरी कोण देणार? मळेवाल्यांनीं सरळ नकला केल्या. व्हिटनी वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. त्याच्या बाजूचा महत्त्वाचा निकाल लागला तो १८०७ सालीं, म्हणजे पेटंटाची मुदत संपतां संपतां. साउथ कॅरोलायना संस्थानानें १८०१ सालीं ५०,००० डॉलर देऊन हक्क विकत घेण्याचें ठरविलें होतें खरें, पण मिळालेला पैसा बहुतेक दाव्यांतच मुरला. १८१२ सालीं त्यानें मुदत वाढवून मागितली, ती काँग्रेसनें नाकारली. अमेरिकेच्या दक्षिणेंत कापसाचें साम्राज्य ज्या यंत्रावर उभें राहिलें, त्याच्या कर्त्यानें आपलें पोट अखेर सरकारला बंदुका करून देऊन भरलें. माझ्या मतें दोष सगळा नकलाकारांचा नव्हता. गिऱ्हाइकास परवडेल असा सौदा पुढें ठेवला नाहीं, तर तो चोरीचा रस्ता धरतो.

आमच्या जिनिंग फॅक्टऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या जीं रुळांचीं यंत्रें खडखडत आलीं, त्यांचें मूळ मात्र दुसरें आहे. तें मॅकार्थी नांवाच्या अमेरिकनाच्या १८४० च्या पेटंटांत आहे. पण इकडे तीं येत तीं ऑल्डहॅमच्या प्लॅट कंपनीच्या नांवानें. शोधणारा एक आणि विकणारा दुसरा, हें इतकें सर्रास आहे कीं त्याचें कोणास आश्चर्यही वाटत नाहीं.

असो. आतां भिसे यांच्याकडे येऊं.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईंत २९ एप्रिल १८६७ रोजीं झाला. चौदाव्या वर्षीं त्यांनीं घरच्या घरीं दगडी कोळशापासून गॅस काढण्याचें उपकरण तयार केलें असें सांगतात. घरांतील वडील मंडळींस त्याचें कितपत कौतुक वाटलें असेल, याची कल्पना ज्यांच्या घरीं असा एखादा चिरंजीव आहे त्यांनींच करावी. पुढें रीतीप्रमाणें सरकारी नोकरी आली. मुंबईच्या अकौंटंट जनरलच्या कचेरींत. पण दिवसा आंकडे आणि रात्रीं यंत्रें, असा क्रम त्यांनीं सोडला नाहीं. समानधर्मी मंडळी जमवून त्यांनीं मुंबईंत एक सायंटिफिक क्लब काढला, आणि 'विविध कला प्रकाश' नांवाचें मराठी मासिकही चालविलें. यंत्रविद्या मराठींत सांगावी ही तळमळ त्या काळीं किती विरळा होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मासिकाची किंमत कळते.

इकडे लंडनच्या एका शोधकांच्या पत्रानें एक स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ असा सुटा माल दुकानांत आपोआप वजन करून देणारें यंत्र कोण सुचवितो, अशी ती होती. विलायतेंतल्या लोकांस मागें टाकून हें बक्षीस मुंबईच्या एका कारकुनानें मिळविलें. झालें, विलायतेस गेल्यावांचून आपल्या कल्पनांना वाव नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस ते लंडनास पोंचले. बरोबर राष्ट्रसभेचे चिटणीस दिनशा वाच्छा यांचें पत्र होतें, आणि तें द्यावयाचें होतें दादाभाई नवरोजी यांना. दादाभाईंचें पार्लमेंटांतील सभासदत्व तेव्हां संपलेलें होतें, पण लंडनांत आलेल्या हिंदी माणसाचें माहेर त्यांच्याच घरीं असे. त्या वृद्ध गृहस्थानें आर्थिक निःसारणाचे आंकडे मांडतां मांडतां या तरुणाच्या यंत्रांसाठींही खटपट केली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत ठळकपणें यावयास हवी होती.

लंडनांत भिसे यांनीं काय काय केलें याची यादी वाचूं लागलें म्हणजे मन थक्क होतें, आणि थोडें धास्तावतेंही. विजेचा जाहिरात-फलक, जो क्रिस्टल पॅलेसमध्यें दाखविण्यांत आला, आपोआप धुतला जाणारा संडास, स्वयंपाकघरांतील उपकरणें, टेलिफोनसंबंधीं सुधारणा. सगळे मिळून त्यांच्या नांवावर सुमारें २०० शोध आणि सुमारें ४० पेटंटें सांगितलीं जातात. आमच्याकडे म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. ती येथें लावणें अन्यायाचें होईल, कारण यांतील पुष्कळ वस्तु धड होत्या. पण प्रत्येक पेटंटास फी पडते, पुढें तें जिवंत ठेवण्यास वारंवार फी पडते, नमुना करावयास कारागीर लागतो, आणि गिऱ्हाईक शोधण्यास वेळ लागतो. दोनशें कल्पनांना पुरेल इतका वेळ आणि पैसा एका माणसाजवळ कोठून असणार?

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या वेळीं विलायतेंत पेटंट मिळे तें, ही वस्तु खरोखर नवीन आहे कीं नाहीं याची सरकारी तपासणी न होतांच मिळे. अमेरिकेंत अशी परीक्षा १८३६ पासून चालू होती. इंग्लंडनें तसा कायदा केला १९०२ सालीं, आणि तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली १९०५ पासून. त्यामुळें भांडवलवाल्यापुढें ब्रिटिश पेटंटाचा कागद ठेवला, तर तो साहजिकच विचारी, कीं उद्यां कोणी दावा लावला तर हा टिकेल काय? कागदाची किंमत दाव्यांत टिकण्यावर, आणि दावा लढविण्याची ऐपत पैशावर. तो पैसा मिळावा म्हणून तर कागद दाखवावयाचा. असें हें चक्र होतें, आणि परदेशांतील एकटा हिंदी मनुष्य त्यांत फिरत होता.

भिसे यांचा सर्वांत मोठा शोध म्हणजे छापखान्याचे खिळे ओतण्याचें यंत्र. त्यास त्यांनीं 'भिसोटाइप' असें नांव दिलें. शिसें, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस सांच्यांत दाबून घालावयाचा, तो निवाला कीं अक्षराचा खिळा बाहेर टाकावयाचा, आणि पुन्हां सांचा भरावयाचा. खिळे ओतण्याची कृति ही अशी आहे. सारा वेळ जातो तो रस निवण्यांत आणि खिळा सुटून येण्यांत. तत्कालीन यंत्रें मिनिटास दीडशेंच्या आसपास खिळे ओतीत. भिसोटाइप मिनिटास बाराशें ओतील असा भिसे यांचा दावा होता. यंत्रविद्येंतल्या जाणत्यांनाही तो एकदम पटेना. मग यंत्र बांधून दाखवावें लागलें, आणि यंत्र बांधणें म्हणजे कारखाना, कारागीर, महिने आणि पौंड.

येथें या कथेचें मर्म आहे, म्हणून थोडें थांबतों. पिठाचा कांटा घेणारीं हजारों दुकानें असतात. खिळे ओतण्याचें यंत्र कोण घेतो? मोठमोठीं वर्तमानपत्रें आणि टाइप-फौंड्र्या. बोटांवर मोजण्याइतकीं गिऱ्हाइकें. आणि त्यांनीं आधींच लायनोटाइप व मोनोटाइप यांच्यांत पैसा गुंतविलेला. त्यांचे कामगार त्या यंत्रांवर तयार झालेले, सुटे भाग जवळ मिळणारे, दुरुस्तीचा मनुष्य बोलावतांच येणारा. अशा मालकाकडे जाऊन "माझें यंत्र आठपट जलद आहे" असें सांगितलें, तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, "जलद असेल, पण बिघडलें तर कोणाकडे जाऊं?" लायनोटाइपचा कर्ता मर्गेंथालर हाही आपल्या भिसे यांच्यासारखाच परदेशांत गेलेला कारागीर, जर्मनींतून अमेरिकेंत आलेला. पण त्याच्या मागें खुद्द वर्तमानपत्रांच्या मालकांचें मंडळ भांडवल घेऊन उभें होतें, आणि १८८६ सालीं त्याचें यंत्र प्रथम चाललें तें न्यूयॉर्क ट्रिब्यून या पत्राच्याच छापखान्यांत. म्हणजे गिऱ्हाईकच भागीदार होतें. एवढा एक फरक, पण सगळें त्यांत आलें.

आपल्याकडील छापखाने हे यंत्र घेऊं शकते, अशी शंका कोणी काढील. पण मराठी छापखान्याची त्या वेळची स्थिति पाहावी. देवनागरीस कान्हे, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरें मिळून शेंकडों निरनिराळे खिळे लागतात, आणि ते जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या फौंड्रींतून तयार मिळत. लहान छापखानदार लागेल तेवढा टाइप विकत घेई आणि झिजला कीं भंगारांत देई. लोकमान्यांनीं टाइपांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, तो या गैरसोयीमुळेंच. अशा बाजारांत मिनिटास बाराशें खिळे ओतणाऱ्या यंत्राचें काय करावयाचें?

लंडनांतील समाजवादी पुढारी हिंडमन यांनींही भिसे यांच्यासाठीं भांडवल उभारण्याची खटपट केली. ती फळास आली नाहीं. अखेर १९०८ सालीं कंटाळून भिसे स्वदेशीं परतले. नशीब असें, कीं गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीनें जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांचें लक्ष या कामाकडे वेधलें. गोखल्यांच्या भारतसेवक समाजास आणि दक्षिण आफ्रिकेंतील गांधीजींच्या लढ्यास हात सैल सोडून मदत करणारे हे गृहस्थ. १९१० च्या सुमारास 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' स्थापन झालें आणि भिसे पुन्हां लंडनास गेले. जें दहा वर्षें मिळालें नाहीं तें भांडवल आतां मिळालें. पण यंत्र परिपूर्ण होऊन त्याचा धंदा उभा राहावा, तोंच १९१४ चें महायुद्ध आलें. लोखंड, कारागीर, कारखाने सगळे युद्धाच्या कामीं लागले. सिंडिकेट बंद पडलें. १९१८ सालीं रतन टाटाही निवर्तले.

भिसे १९१६ च्या सुमारास अमेरिकेस गेले आणि तेथेंच राहिले. तेथें त्यांनीं ओतकामाचें यंत्र पुन्हां सुधारलें, पेटंटें घेतलीं, स्वतःच्या नांवाची कंपनीही काढली. परंतु अमेरिकेंत त्यांचें नांव पुढें अधिक जोडलें गेलें तें एका आयोडीनयुक्त औषधाशीं. तें प्रथम 'बेसलीन' आणि नंतर 'अॅटोमिडीन' या नांवानें विकलें जाई, व त्यांच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ विकलें गेलें. त्याच्या गुणांविषयीं मी कांहीं बोलत नाहीं. तो वैद्य-डॉक्टरांचा प्रांत. मला त्यांतली व्यवहाराची बाजू लक्षणीय वाटते. ज्या माणसानें मिनिटास बाराशें खिळे ओतणारें यंत्र कल्पिलें, त्याचा माल लोकांच्या घरांत पोंचला तो बाटलींतून! बाटली कोणीही घेतो, संपली कीं दुसरी घेतो, आणि ती विकावयास वर्तमानपत्राच्या मालकाची मनधरणी करावी लागत नाहीं. ७ एप्रिल १९३५ रोजीं न्यूयॉर्कमध्यें भिसे यांचें देहावसान झालें.

याच काळांत दुसरे एक मराठी गृहस्थ अगदीं उलट्या वाटेनें चालले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें बेळगांवांत सायकलींचें दुकान होतें. १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर केला. नांगर कांहीं जगाला नवीन नव्हता. विलायती नांगर येतच होते. पण आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना सोसेल असा तो करणें, आणि आपल्या शेतकऱ्याच्या गळीं उतरविणें, हें काम नवीन होतें. लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत तेव्हां रूढ होती. नांगर तयार होऊनही पहिलीं गिऱ्हाइकें मिळण्यास दोन वर्षें लागलीं म्हणतात. लक्ष्मणरावांनीं शेतकऱ्याचें म्हणणें ऐकून घेऊन नांगर सुधारला, फाळ झिजला तर तो बदलून मिळण्याची सोय केली, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. बुद्धीची झेप पाहिली तर भिसे कांकणभर सरस, असें मला वाटतें. पण किर्लोस्करांचा नांगर गांवोगांव गेला आणि भिसोटाइप कोणी पाहिला नाहीं. आमच्या तालुक्यांतील जुन्या वाड्यांच्या पडवींत अजूनही एखादा गंजलेला लोखंडी नांगर कोपऱ्यांत उभा केलेला दिसतो.

यावरून सनद निरुपयोगी आहे असें मात्र कोणी समजूं नये. माझा एक जुना विद्यार्थी जामनेरजवळच वेल्डिंगचें दुकान चालवितो. कपाशीची वेंचणी संपली कीं उभ्या पऱ्हाट्या उपटाव्या लागतात. हें काम किती जिकिरीचें आहे तें ज्यांच्या तळहातांस फोड आले आहेत त्यांनाच ठाऊक. पऱ्हाटी उपटण्याचा चिमटा जुनाच आहे. या मुलानें त्याचा जबडा असा बसविला, कीं खोड जितकें ओढावें तितका तो घट्ट होतो, आणि पायानें दाब देतां येतो. त्यानें मोठ्या हौसेनें तो एका कृषिप्रदर्शनांत मांडला. लोकांनीं पाहिला, वाखाणला, मोबाईलवर त्याचीं चित्रें घेतलीं. पुढचा हंगाम येईपर्यंत आसपासच्या गांवांतील वेल्डर तोच चिमटा त्याच्याहून स्वस्त विकूं लागले. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुर्जी, माहा चिमटा लोकायनं उचलला!"

तेव्हां मीं मुंबईच्या एका माहीतगार स्नेह्यास विचारून कायदा समजून घेतला, तो श्रोत्यांच्याही उपयोगी पडेल. हल्लीं चालू आहे तो कायदा १९७० चा. तो १९७२ पासून अंमलांत आला आणि जागतिक व्यापाराच्या करारामुळें २००५ पर्यंत त्यांत मोठे फेरफार झाले. मुदत आतां अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कचेरीकडे जातात, आणि ते घरबसल्या संगणकावरून करतां येतात. मुख्य अट अशी, कीं अर्जापूर्वीं ती युक्ति कोठेंही उघड झालेली नसावी. प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूस बारा महिन्यांची सवलत आहे खरी, परंतु ती केंद्र सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती. तालुक्याच्या मेळाव्यास ती लागू नाहीं. तेव्हां आधीं अर्ज आणि मग प्रदर्शन, असा क्रम पाहिजे. वस्तु पुरी झालेली नसली तरी तात्पुरतें विवरण देऊन तारीख पक्की करतां येते, आणि त्यानंतर बारा महिन्यांच्या आंत पूर्ण विवरण द्यावें लागतें. एकट्या व्यक्तीस अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि परीक्षेची ४,००० रुपये आहे. परीक्षेची मागणी वेगळी करावी लागते. ती ३१ महिन्यांच्या आंत केली नाहीं, तर अर्ज सोडून दिला असें धरतात. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाची फी, आणि ती चढत जाते. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ सालीं अमेरिकन पेटंट मिळालें होतें, पण शास्त्रज्ञानें ज्ञानाचा व्यापार करूं नये या वृत्तीमुळें त्यांनीं त्याचा कांहीं लाभ घेतला नाहीं. ती वृत्ति थोर खरी. वेल्डिंगच्या दुकानावर घर चालविणाऱ्यास मात्र ती परवडण्यासारखी नाहीं.

कायद्यांत दुसऱ्याही कांहीं मर्यादा आहेत. शेतीची किंवा बागाइतीची पद्धति पेटंटास पात्र नाहीं. ठाऊक असलेल्या दोन वस्तु नुसत्या शेजारीं शेजारीं जोडल्या आणि त्या आपापलें काम पूर्वींसारखेंच करीत राहिल्या, तर तोही शोध मानीत नाहींत. आणि जी वस्तु एकाच्या डोक्यांतून निघालेली नाहीं, साऱ्या मुलखाची आहे, तिच्या नांवाचें रक्षण निराळ्या नोंदणीनें होतें. 'जळगांव केळी' आणि 'जळगांव भरीत वांगी' यांना २०१६ सालीं मिळालेली भौगोलिक ओळख ही त्याच जातीची. तिच्यांत मालक एक नसतो. ठरलेल्या मुलखांत ठरलेल्या गुणांचा माल पिकविणाऱ्या सर्वांचा तो हक्क.

माझ्या विद्यार्थ्याचा पहिला चिमटा आतां हातचा गेला. तो सर्वांचा झाला. पण मध्यंतरीं त्यानें जबड्याच्या मागें एक स्प्रिंग बसविली आहे. तीमुळें उपटलेली पऱ्हाटी हातानें सोडवावी लागत नाहीं, आपोआप सुटते. ही सुधारणा त्यानें अजून कोणास दाखविलेली नाहीं. मीं त्यास आधीं विचारलें, कीं हा चिमटा किती रुपयांस पडेल, आणि तितक्यांत शेतकरी तो घेईल काय? त्यानें तीन-चार निरनिराळ्या शेतकऱ्यांस, वस्तु न दाखवितां, नुसती किंमत विचारून पाहिली. मग नवरा-बायकोनीं बसून हिशेब केला. तात्पुरतें विवरण मुंबईस गेलें आहे, बारा महिन्यांची मुदत चालू आहे, आणि पूर्ण विवरणासाठीं नकाशे काढण्याचें काम माझ्या ओट्यावर रविवारीं सकाळीं चालतें.